मिटुटोयोचा १५० मिमीचा साधा व्हर्निअर: मामांनी घ्यायला लावला, आता मामा चाललेत

डिप्लोमा करून क्वालिटीत, म्हणजे मालाच्या तपासणीत, लागलेल्या मुलामुलींनी सुरुवातीच्या पगारातून मोजमापाचं एक साधन स्वतःचं घ्यावं, आणि ते डिजिटल नसावं. मिटुटोयोचा साधा, रेघांचा, १५० मिलिमीटरचा, ०.०२ लीस्ट काउंटचा (म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा) व्हर्निअर घ्यावा, म्हणजे जबड्यांमध्ये वस्तू धरून सरकत्या पट्टीवर माप वाचायचं साधन. मत आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं निम्मं लिखाण व्हर्निअरबद्दल आहे आणि निम्मं तो मला वापरायला शिकवणाऱ्या मामांबद्दल. माझ्यासाठी ही दोन्ही एकच गोष्ट आहे.

मामा आमच्याकडे फायनल इन्स्पेक्शन बघतात. भोसरी एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी, सीएनसी टर्निंगचं काम, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे गोल भाग कापायचं. बुश, स्पेसर, पिन, छोटे शाफ्ट. गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग देणारे जे आहेत, त्यांना आमचा माल जातो. मामा साताऱ्याकडचे. आधी लेथवर, मग ग्राइंडिंगला, मग टूलरूममध्ये आणि शेवटी क्वालिटीत, असं सगळं आयुष्य त्यांनी मशीनच्या आवाजात काढलं. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मॅनेजरसाहेबसुद्धा. या महिन्याच्या अखेरीस ते नोकरी सोडून चाललेत. रिटायर होत नाहीयेत. एका प्रशिक्षण केंद्रात शिकाऊ मुलांना मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, शिकवायला बोलावलंय त्यांना. त्या मुलांचं भाग्य थोर आहे, आणि आमच्या क्वालिटीच्या खोलीत मला आत्तापासूनच करमत नाहीये.

आधी वस्तूबद्दल. हा व्हर्निअर हातात घेतला की पहिलं जाणवतं ते त्याचं सरकणं. अंगठ्याने ढकललं की स्लायडर शेवटपर्यंत एकाच जोराने जातो, मध्येच अडत नाही की ढिला पडत नाही. अंग हार्डन केलेल्या स्टेनलेस स्टीलचं, रेघांच्या भागावर सॅटिन क्रोम, त्यामुळे ट्यूबलाइटखाली धरला तरी चकाकी डोळ्यात जात नाही आणि काळ्या रेघा स्पष्ट उठतात. बाहेरचं माप, आतलं माप, खोली आणि पायरी अशी चार मापं याने घेता येतात. कंपनी जपानी, १९३४ साली सुरू झालेली, आणि तिचं पहिलं उत्पादन मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक माप घ्यायचं साधन) होतं. कंपनीच्या तक्त्यात या ०.०२ वाल्याची अचूकता ±०.०३ मिमी दिली आहे. नव्याने घेणाऱ्याने हा आकडा नीट वाचावा. ०.०२ वाचता येतं, म्हणून ०.०२ ची खात्री मिळाली असं होत नाही.

मामांचा यावरचा हिशोब सरळ आहे. ड्रॉइंगवर जेवढा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिला आहे, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं बारीक वाचणारं साधन उचलायचं. लांबीला ±०.१ दिलंय, म्हणजे एकूण ०.२ ची मोकळीक, तिथे ०.०२ चा व्हर्निअर चालतो. २५ एच७ चा बोअर (गोल भोक) आला, म्हणजे २५ मिमीवर शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर व्हर्निअर खिशातच राहू द्यायचा आणि भोकं तपासायचा प्लग गेज नाहीतर बोअर गेज घ्यायचा. बऱ्याच शॉपमध्ये बोअरलासुद्धा व्हर्निअर लावून ‘बसतंय बरोबर’ म्हणतात. मामा अशा वेळी फक्त विचारतात, “टॉलरन्स किती हाय?” उत्तर देता देता समोरचा स्वतःच प्लग गेज शोधायला लागतो.

आता साधाच का, डिजिटल का नको, यावर जरा थांबते, कारण दुकानात गेल्यावर हाच प्रश्न येतो.

मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या रेघा असतात आणि सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग केलेले असतात. म्हणजे सरकत्या पट्टीचा एक भाग ०.९८ चा, मुख्य पट्टीच्या भागापेक्षा ०.०२ ने लहान. कुठली रेघ समोरच्या रेघेशी जुळली ते शोधायचं आणि वाचायचं. फ्रान्सच्या पिएर व्हर्निए यांनी १६३१ साली ही रचना प्रसिद्ध केली आणि आमच्या मशीनशेजारी आजही तीच चालते. डिप्लोमाला हे सगळ्यांनाच असतं, सूत्र पाठ असतं. पण खऱ्या जॉबवर, म्हणजे मोजायच्या भागावर, शेजारशेजारच्या तीन रेघा जुळल्यासारख्या दिसतात, तेव्हा त्यातली कुठली घ्यायची हे पुस्तकात नसतं. मामांनी सांगितलं, “जुळलेली रेघ बघू नको ताई, तिच्या दोन्ही अंगाच्या बघ.” जी खरी जुळलेली असते, तिच्या डावीकडची रेघ एका बाजूला आणि उजवीकडची दुसऱ्या बाजूला, सारख्याच अंतराने सरकलेली दिसते. दोन्हीकडचं अंतर सारखं नसेल तर तुम्ही शेजारच्या रेघेवर आहात. एवढं कळलं की ०.०२ चा घोळ संपतो. आणि नजर पट्टीवर काटकोनात हवी, नाहीतर तिरकं बघून रेघ एका घराने सरकते. मामा यासाठी जॉब डोळ्यांपर्यंत वर उचलतात किंवा स्वतः खाली वाकतात. शिफ्टमध्ये शंभरदा वाकावं लागलं तरी वाकतात.

डिजिटलवर हे काहीच करावं लागत नाही, आकडा समोर येतो. अडचण तिथेच सुरू होते. व्हर्निअरला मायक्रोमीटरसारखं जोर ठरावीक ठेवणारं रॅचेट नसतं, जोर अंगठ्याचा असतो. जोर कमीजास्त झाला की स्क्रीनवर २५.०१ चं २५.०३ होतं, आणि शिकाऊ मूल त्या आकड्यावर विश्वास ठेवतं, कारण तो आकडा आहे. रेघांच्या व्हर्निअरवर मात्र प्रत्येक मापाला क्षणभर थांबून ठरवावं लागतं. त्या थांबण्यात हात कळतो. मामा म्हणतात, नाडी बघताना बोट जेवढं टेकवतो तेवढाच जोर द्यायचा. हा जोर लागायला मला बरेच महिने गेले आणि तो डिजिटलवर लागला असता असं मला वाटत नाही.

जबड्यांबद्दल एक गोष्ट मामा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात: जॉब जबड्यांच्या टोकावर धरायचा नाही, जमेल तेवढा आत, पट्टीजवळ घ्यायचा. मी नंतर वाचलं की यामागे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० साली मांडलेलं तत्त्व आहे. मोजायची रेषा आणि मोजपट्टी एका सरळीत असावी. व्हर्निअरमध्ये ती नसते, पट्टी वर आणि जॉब खाली असतो. जॉब जितका खाली टोकाकडे, तितका स्लायडर किंचित कलंडून माप बिघडतं. मायक्रोमीटरमध्ये दोन्ही एका सरळीत असतात, म्हणून तो जास्त भरवशाचा. मामांनी आबेचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं, स्पेलिंगसकट. आता ते हे शिकवणार आहेत, तर मुलांना नाव सांगता यायला पाहिजे म्हणाले. पन्नाशी ओलांडलेला, सगळं हाताने येत असलेला माणूस माझ्यासारख्या ज्युनिअरकडून नाव लिहून घेतो, हे मी जवळून बघितलं आणि त्यानंतर कुणालाही काही विचारायला मला संकोच वाटला नाही.

स्वच्छतेचं तर विचारू नका. मामांचं पहिलं वाक्य नेहमी एकच: “आधी हात पूस.” मग जॉब पुसायचा, त्याची बर (कापताना कडेला राहिलेली धार) काढलेली आहे का ते बोट फिरवून बघायचं, मग जबडे. जबड्यांमध्ये कोरा कागद धरून हलकेच बंद करायचे आणि कागद ओढून काढायचा, म्हणजे चिकटलेला बारीक कीस आणि तेल निघून येतं. मग जबडे मिटवून उजेडासमोर धरायचे. मधून उजेडाची सारखी, अगदी पुसट फट दिसली तर ठीक. एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी दिसली तर जबडे झिजलेत. मग शून्यावर शून्य आहे का ते बघायचं. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. त्या अर्ध्या मिनिटाला ‘टाइमपास’ म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि मग दुपारी त्यांचाच माल सॉर्टिंगला, म्हणजे चांगला-वाईट वेगळा करायला, बसलेला पाहिलाय.

आणि मशीनच्या फिरत्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) असलेल्या जॉबला व्हर्निअर लावायचा नाही. यात मामा कधीच सूट देत नाहीत. जबडे झिजतात हे दुय्यम कारण आहे. बोटं जातात, हे पहिलं.

आता तापमान. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्यांना हे कळायलाच हवं. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, हे जगभरचं ठरलेलं आहे. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मशीनमधून नुकताच निघालेला १०० मिमी लांबीचा तुकडा व्हर्निअरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ०.०२३ मिमीने मोठा दिसतो, म्हणजे आपल्या व्हर्निअरचं एक घर. ऑपरेटर मशीनमधला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) तेवढा कमी करतो, आणि जॉब गार झाल्यावर माप खाली जातं. मग भांडण, की माझ्याकडे बरोबर होतं, क्वालिटीने घालवलं. मामा जॉब आणि व्हर्निअर दोन्ही सर्फेस प्लेटच्या सपाट पाटावर शेजारी ठेवतात आणि चहा पिऊन येतात. दोन्ही स्टीलचे, दोन्ही एका तापमानाला आले की दोन्ही सारखेच वाढलेले असतात आणि फरक मिटतो. ॲल्युमिनियमला हे चालत नाही, कारण ते स्टीलच्या दुपटीने वाढतं. ॲल्युमिनियमचा जॉब असेल तर एसी खोलीत नेऊनच मोजायचा.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली शिकवण मात्र व्हर्निअरवर कुठे कोरलेली नाही. आधी माप घ्यायचं, लिहायचं, मग ड्रॉइंग बघायचं. ड्रॉइंगवर ४२ ±०.१ वाचून जॉब उचलला की डोळा आपोआप ४२ च्या आसपासची रेघ शोधतो. ४२.१२ असेल तर ४२.१० वाटायला लागतं. ड्रॉइंग न बघता वाचलेला आकडा तुमचा असतो, मग तो ड्रॉइंगशी पटो न पटो. आणि रिपोर्टमध्ये ‘ओके’ लिहायचं नाही. “ओके म्हंजे काय? आकडा लिव.” मामांच्या टेबलावर गेलेला आणि नुसत्या ओके-ओकेने भरलेला एकही इन्स्पेक्शन रिपोर्ट सही होऊन आलेला मी पाहिलेला नाही.

आकडे लिहिल्याने काय होतं ते एका ३८ ±०.१ च्या बाहेरच्या व्यासावर मला समजलं. तासातासाला आकडे लिहिले होते: ३७.९६, ३७.९८, ३८.००, ३८.०२, ३८.०६. पाचही पास. ओके लिहिलं असतं तर पाच ओके दिसले असते. मामांनी कागद बघितला आणि म्हणाले, “इन्सर्ट झिजलाय, जाऊन सांग त्याला.” बाहेरचा व्यास कापणारा इन्सर्ट, म्हणजे मशीनमधलं कापायचं पातं, झिजला की व्यास हळूहळू वाढत जातो. ऑपरेटरने इन्सर्ट बदलला, तोवर एकही जॉब रिजेक्ट झाला नव्हता. क्वालिटीचं काम रिजेक्ट करणं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मला हा कागद दाखवावासा वाटतो.

“जाऊन सांग” हेही मामांचंच. ऑपरेटरला क्वालिटीच्या खोलीत बोलवायचं नाही, आपण त्याच्या मशीनवर जायचं. त्याच्या हातात व्हर्निअर द्यायचा, त्याला वाचू द्यायचं. त्याने वाचलेला आकडा आणि आपला आकडा शेजारी लिहायचा. फरक आला तर दोघांनी पुन्हा मोजायचं. मुलगी येऊन माल अडवते म्हणून सुरुवातीला काही जणांच्या कपाळावर आठ्या यायच्या. मामांनी माझी बाजू घेऊन कुणाला एक शब्द सुनावला नाही. त्यांनी फक्त मला व्हर्निअर घेऊन प्रत्येक मशीनवर पाठवलं, रोज. आता तेच लोक स्वतः येऊन सांगतात, “ताई, लांबी सरकतीय, जरा बघा.”

एक रात्र मात्र सांगायलाच हवी. स्पेसरचा लॉट, लांबी ४२ ±०.१, गाडी दारात उभी. वरच्या पेट्यांमधली मापं ४२.०८, ४२.१०, आणि मग ४२.१२, ४२.१२. प्रॉडक्शनचं म्हणणं, ०.०२ ने काय होतंय, सोडा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, घड्याळात साडेदहा. मामांनी वाद घातला नाही. व्हर्निअर पुसला, स्लिप गेज (नेमक्या मापाचा ठोकळा) लावून ४० ला तपासून दाखवला, आणि सुपरवायझरच्या हातात दिला. “तुम्ही वाचा.” त्यांनी वाचलं, ४२.१२. मामांनी मला वाचायला सांगितलं, तेच. तिन्ही आकडे कागदावर लिहिले, खाली तिघांच्या सह्या घेतल्या. सही करायची वेळ आली तेव्हा ‘सोडा’ म्हणणारं कुणी उरलं नाही. मग मामा स्वतः बाकावर बसले, आम्ही दोघं बाजूला, आणि लॉट वेगळा केला. चांगला माल गाडीत गेला, किती नग कमी आहेत ते कस्टमरला फोन करून त्याच रात्री सांगितलं. लांबी जास्त भरलेले स्पेसर दुसऱ्या दिवशी फेसिंग मारून, म्हणजे तोंड किंचित कापून, मापात आले. एकही भंगारात गेला नाही. त्या रात्रीनंतर वादाच्या वेळी मी आवाज चढवत नाही, व्हर्निअर समोरच्याच्या हातात देते.

बाकी वापर थोडक्यात. आतल्या जबड्यांनी व्यास मोजताना सगळ्यात मोठं वाचन घ्यायचं, खाचेची रुंदी मोजताना सगळ्यात लहान. अगदी बारीक भोकाला आतले जबडे लावू नका. त्यांच्या कडा थोड्या सपाट असल्याने माप प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं. खोलीच्या दांड्याला टोकाशी एका बाजूने खाच आहे, ती कोपऱ्यातल्या गोलाईकडे ठेवायची म्हणजे दांडा तळाला नीट टेकतो. मागची पट्टी जॉबवर सपाट टेकलेली हवी. खोलीची बहुतेक चुकीची मापं पट्टी तिरकी झाल्याने येतात.

तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. ५० रेघा एवढ्या दाट आहेत की चाळिशीनंतर उघड्या डोळ्यांना जड जातात. मामा चष्मा लावून वर भिंग धरतात. रात्रपाळीत पिवळ्या दिव्याखाली तर तरुण डोळेही थकतात, टेबलावर पांढरा दिवा हवाच. मोठ्या लॉटला हा हळू पडतो. शिफ्टला पाचशे नग तपासायचे असतील तर डिजिटल नाहीतर गो-नो गो गेज (माप हद्दीत आहे की नाही एवढंच दाखवणारा) हवा, तिथे हट्ट धरू नये. आतल्या जबड्यांची टोकं तीक्ष्ण आहेत, एप्रनच्या खिशात उघडा टाकला तर कापड फाटतं आणि टोक मुडपतं. जमिनीवर पडला तर तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नये, बाहेरून काहीही दिसत नसलं तरी.

जमेची बाजू म्हणजे याला सेल नाही. स्वस्तातला डिजिटल कूलंटचे शिंतोडे उडाले की वाटेल ते आकडे दाखवायला लागतो. पाणी आणि कूलंट सोसणारे चांगले डिजिटल मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून नवा पगारदार माघारी फिरतो. हा पुसला की झालं. रात्री ठेवताना तेलाचा हलका हात फिरवायचा, जबडे पूर्ण मिटवायचे नाहीत, थोडी फट ठेवायची, आणि लॉकचा स्क्रू सैल ठेवायचा. स्लायडर ढिला वाटला तर वरचे दोन बारीक स्क्रू पूर्ण आवळून मग किंचित सैल करायचे. मामांचा स्वतःचा व्हर्निअर माझ्या व्हर्निअरपेक्षा खूप जुना आहे आणि अजून त्याच्याइतकाच हलका सरकतो.

खरेदीचं. या कंपनीच्या नावाने नकली माल बाजारात भरपूर आहे, त्यामुळे अर्ध्या किमतीचा मोह नको. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलाने घ्या. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जाणार असाल तरी बिलाचा आग्रह सोडू नका. दुकानात रेघा भिंगाखाली बघा. अस्सलच्या रेघा सारख्या जाडीच्या आणि कडेला स्वच्छ असतात. जबडे मिटवून उजेडाला धरा, स्लायडर टोकापासून टोकापर्यंत फिरवा. भोसरीत काम करणाऱ्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी शहरातली दुकानं उघडी असतात, तेव्हा घाई न करता निवांत बघून घ्या. घेतल्यावर आपल्या कंपनीच्या कॅलिब्रेशनच्या (साधनांची अचूकता तपासायच्या) यादीत त्याची नोंद करून घ्या. स्वतःचा आहे म्हणून बिनानोंदीचा व्हर्निअर मालाच्या तपासणीला वापरला तर ऑडिटला उत्तर देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही वर्षातून एकदा एनएबीएलमान्य (एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारं मंडळ) लॅबमध्ये पाठवतो, आणि मधल्या काळात स्लिप गेजवर शून्याशिवाय आणखी दोन-तीन ठिकाणी तपासतो. पट्टी ज्या लांबीला रोज वापरली जाते तिथेच जास्त झिजते, शून्य मात्र बरोबर दाखवत राहतो.

जाण्याआधी मामांनी एक काम स्वतःहून काढलं. गेज आर अँड आर, म्हणजे साधनामुळे आणि मोजणाऱ्या माणसांमुळे मोजणीत किती फरक पडतो याची चाचणी. तीन माणसं, दहा जॉब, प्रत्येकाने प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, कुणाला कुणाचा आकडा दाखवायचा नाही. ऑटोमोबाइलच्या नियमात मोजणीतला फरक दहा टक्क्यांच्या आत आला तर चांगला, दहा ते तीसच्या मध्ये असेल तर काम बघून ठरवायचं, तीसच्या वर गेला तर ती मोजणी रद्दच. मामांनी स्वतःला त्या तिघांत धरलं नाही. मला, दुसऱ्या पाळीच्या इन्स्पेक्टरला आणि एका ऑपरेटरला बसवलं. स्वतः मागे स्टुलावर बसून फक्त जॉबचे नंबर बदलत राहिले. त्यांच्याशिवाय आमची मोजणी उभी राहते का, हे त्यांना जाण्याआधी आकड्यात बघायचं होतं. आकडा दहाच्या आत आला. त्यांनी शीट फाइलला लावली, मला म्हणाले, “माप विचारायला फोन करायचा न्हाई हं. माप तुझ्याफुडं हाय. बाकी कशालाबी कर.”

पुढच्या महिन्यात दोन ट्रेनी येणार आहेत, एक मुलगा शिरूरचा आणि एक मुलगी बार्शीची. स्टोअरकडे याच मॉडेलचे दोन नग मागवलेत, सोबत दोन भिंगं आणि टेबलासाठी पांढरा दिवा. परचेसने विचारलं, त्याच पैशात साधा डिजिटल येतो, तो का नको. मी मामांचा ३८ ±०.१ चा तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांना सरकत्या पट्टीवरच्या रेघा वाचायला बसवलं. मागणी मंजूर झाली आहे.